अळंबीवरचे तपकिरी डाग

मश्रूम आमच्या घरात मुलांच्या हट्टाने आले. अम्मींना मात्र ते अजून परकेच वाटते. हदीसमध्ये ज्या खुंबीचा उल्लेख आहे ती वाळवंटात जमिनीखाली वाढणारी, ही बाजारातली पांढरी अळंबी वेगळी, एवढे त्यांना ठाऊक आहे. पाकीट फ्रीजमध्ये ठेवले आणि दोन दिवसांनी टोप्यांवर तपकिरी डाग दिसले, की त्या म्हणतात, "सडलं, टाकून द्या."

टाकावे तर रिझ्क वाया जाते, इसराफ होतो. खावे तर लेकरांच्या पोटाची काळजी. म्हणून हे डाग येतात कुठून, ते आम्ही समजून घेतले.

या डागांमागे अनेकदा स्युडोमोनास टोलासी नावाचा जिवाणू असतो. 1915 मध्ये अमेरिकेत टोलास या संशोधकांनी या रोगाची नोंद केली, त्यावरून त्याला हे नाव पडले. अळंबी ज्या मातीच्या थरातून उगवते, तिथेच तो राहतो. टोपीवर पाणी तासन्‌तास तसेच राहिले की तो वाढतो आणि टोलासिन नावाचे विष सोडतो. हे विष अळंबीच्या पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. आतली रसायने आणि टायरोसिनेज हे विकर एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी मेलॅनिन तयार होते. आपल्या केसांचा काळेपणाही मेलॅनिनचाच. म्हणजे डाग जिवाणूमुळे पडतो, पण रंग अळंबीचा स्वतःचा असतो.

तोडणीच्या वेळी स्वच्छ दिसणाऱ्या अळंबीवरही जिवाणू असू शकतो. थंडीत तो मंदावतो, मरत नाही. पाकीट फ्रीजच्या आतबाहेर होत राहिले की आत दव साचते आणि त्याला हवी ती ओल मिळते.

मात्र प्रत्येक डाग रोगाचा नसतो. हाताळताना दबलेली किंवा जुनी झालेली अळंबीही याच विकरामुळे तपकिरी होते. तो डाग बहुधा कोरडा असतो. रोगाचा डाग ओलसर, किंचित खोलगट असतो. पसरत जाऊन शेजारच्या डागाला मिळतो. सुरुवातीला तो टोपीच्या वरच्या पातळ थरातच असतो.

आता आम्ही पाकीट आणले की अळंबी कोरड्या कागदी पिशवीत काढून फ्रीजमध्ये ठेवतो. आधी धुऊन ठेवत नाही. शिजवायच्या वेळीच धुतो आणि दोन-तीन दिवसांत संपवतो. एखादा कोरडा डाग असला तर तेवढा भाग सोलून बाकीची नीट शिजवतो. चिकट लागली किंवा वास आला, तर मात्र टाकतो. त्यात इसराफ नाही.

अम्मी अजून मश्रूम खात नाहीत. पण हल्ली "टाकून द्या" म्हणण्याआधी त्या स्वतः टोपीवर बोट फिरवून पाहतात.