डोक्यावरचे हात

अथेन्समध्ये केरामेइकोसला सकाळीच जावं. ऊन चढलं की तिथे आडोसा नाही. एकेकाळी इथे कुंभारवाडा होता आणि त्याला लागूनच दफनभूमी. एरिदानोसच्या ओढ्याकाठी गवतात कासवं चरत होती. दिपिलॉन दरवाजाचे पायथ्याचे दगड तेवढे उरलेत. याच भागातल्या एका कबरीवरचा रांजण मला बघायचा होता, तो आता राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. थिसियोहून मेट्रोने व्हिक्टोरिया, पुढे पायी.

रांजण तब्बल १.५५ मीटर उंच, इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा. अंगभर काटेकोर नक्षी, आणि कानांच्या मधल्या पट्टीत अंत्यदर्शनाचा देखावा. उंच पायांच्या बाजेवर मृत बाई आहे. तिच्यावरचं चौकड्यांचं वस्त्र चित्रकाराने खालच्या कडेला शरीराच्या आकाराने कापलंय, बाई दिसावी म्हणून. भोवतीच्या माणसांची धडं म्हणजे उलटे त्रिकोण, डोकी म्हणजे काळे ठिपके. त्रिकोणाच्या वरच्या कोपऱ्यांतून निघालेले काडीसारखे हात कोपरात मोडून डोक्यावर गेलेत. ते केस उपटताहेत. आपल्याकडे ऊर बडवतात, इथे केस. चेहरा काढायची सोय नसताना आक्रोशाचा सगळा भार त्या दोन काड्यांवर टाकलाय, आणि तो त्या पेलतात.

पुढच्या दालनांत चित्रकारी सुधारत जाते. डोळे येतात, बोटं येतात. काळ्या आकृत्यांच्या भांड्यांवर वाटणीही ठरून गेलेली दिसते: बायकांचे हात डोक्याला, पुरुष मात्र रांगेने येऊन उजवा हात पुढे उंचावतात, तळवा उघडा. मला ती हजेरी लावल्यासारखी वाटली. याच शहरात सोलोनने इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी शोकात अंग ओरबाडून घ्यायला कायद्याने बंदी घातली होती, असं प्लुटार्क सांगतो. भांड्यांवरच्या बायका नंतरही केस ओढतच राहिल्या.

सर्वांत जास्त वेळ मी लुट्रोफोरोसपाशी रेंगाळले. लांबट मानेचं हे भांडं लग्नाच्या न्हाणाचं पाणी आणायला. त्यावर वरात असली, तर नवरा वधूला तळव्याला नव्हे, मनगटाला धरून नेतो. ताबा कुणाचा, ते पकडीवरूनच कळतं. पण लग्नाआधीच कुणी गेलं, तर हेच भांडं त्याच्या कबरीवर ठेवत. त्यामुळे काही लुट्रोफोरोसांवर मनगट धरणारा नवरा नाही, केस ओढणाऱ्या बायकाच आहेत.