रोही कुठे झोपतो?

दिवाळीला पुण्याहून मंगरूळपीरला जाताना मी बॅगेत चित्रांची पुस्तकं भरतो. फराळ तर आई करतेच, आणि माझ्या सहा वर्षांच्या भाचीला चकलीपेक्षा चित्रं जास्त आवडतात. यंदा माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच नेला. सोबत प्राण्यांच्या दोन पुस्तकांचे प्रिंट. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५पासून अशी पुस्तकं मोफत मिळतात, छापायचीही मुभा असते.

'राधाचं घर' पहिल्याच दुपारी वाचून झालं. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस्स. पण सहा वर्षांच्या मुलीसाठी याहून मोठी गोष्ट नसतेच. भाचीनं लगेच आमच्या घराची हजेरी घेतली. आजी आहे, आई आहे, मामा आहे. "आबा कुठी हायेत?"

आबा, म्हणजे माझे बाबा, शेतात होते. सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती. रोही आणि रानडुकरं रात्रीच येतात, म्हणून बाबा जागलीला जातात. सकाळी येऊन चहा पितात आणि झोपतात. अकोल्याहून चार दिवसांसाठी आलेल्या नातीला ते झोपलेलेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्राण्यांचं पुस्तक घेऊन बसलो. एका पानावर वॉटरकलरमध्ये उंच गवत होतं. ओल्या कागदावर पसरलेला पिवळा रंग, आणि त्यात मान वळवून बघणारा एक तपकिरी प्राणी. मी म्हणालो, हरीण. बाबा कपबशी घेऊन मागे उभे होते.

"हरीण नाही ते. रोही हाय. मादी. नराचा रंग निळसर रायते."

मग ते खाली बसले. माझ्या आठवणीत बाबांनी पेपरातले भाव सोडून काही हातात धरलेलं नाही. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. "दिसाले लय गोजिरा हाय. पण तुरीत घुसला का शेंडा ठेवत नाही."

"मग तुम्ही त्याला मारता?" भाचीनं विचारलं.

"नाही वं. टॉर्च मारतो, डबा वाजवतो. पळते तो."

"पळून कुठे झोपतो?"

माझा हात सवयीनं मोबाईलकडे गेला. बाबा म्हणाले, "थांब." थोड्या वेळानं म्हणाले, "आधी ई-क्लासात गवत होतं. आता तिथं बी लोक पेरते." पुढे काही बोलले नाहीत.

मी आणलेल्या पुस्तकांत घर एका पुस्तकात आणि प्राणी दुसऱ्या पुस्तकात होते. आमच्याकडे दोघं एकाच धुऱ्यावर असतात. शेजारच्या कारंजा तालुक्यात काळविटांसाठी अभयारण्य आहे. आमच्या तुरीला कुंपणही नाही. या विषयावरचे लेख मी बाबांना फॉरवर्ड केले होते. त्यावर 'बरं' एवढंच उत्तर आलं. चित्रासमोर मात्र त्या घरात सगळ्यात जाणकार तेच होते. माधुरी पुरंदरे यांच्या एका पुस्तकाचं नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र पाहायचं आणि त्यातली गोष्ट आपण सांगायची. बाबांना त्याचं नावही माहीत नाही, पण त्यांनी केलं ते हेच.

दुपारी भाचीनं रंगपेटी काढली. आबा, मचाण, रात्र. सगळा कागद काळा-निळा करून झाल्यावर तिला टॉर्चचा उजेड आठवला. वरून पांढरा दिला तर तो राखाडी झाला. वॉटरकलरमध्ये उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो. दुसऱ्या कागदावर तिनं आधी पेन्सिलीनं उजेडाची जागा आखली. बाबा झोपेतून उठून आले, म्हणाले, "अंधारात त्याचे डोळे चमकते. दोन ठिपके बी सोड."

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला.

"तिले सांगजो, नाल्याच्या काठी गवत दबेल दिसलं. तिथंच झोपत असन."

मी विचारलं, "आणि तूर? खाल्ली का?"

"खाल्ली ना," ते म्हणाले.