नीरेकाठचा सुरय

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळ गाव लागते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. काठावर सुभानमंगळ या जुन्या भुईकोटाच्या खुणा आहेत; परंतु पुलावरून धावत्या गाडीत जाणाऱ्यास ना कोट दिसतो, ना नदी. जो कोणी घटकाभर पाण्याकाठी थांबेल, त्यास मात्र एक रुपेरी पक्षी प्रवाहावरून संथपणे फेऱ्या घालताना दिसण्याचा संभव असतो. त्याची चोच सरळ पुढे नसते, ती खाली पाण्याकडे वळलेली असते. काहीतरी हरवले आहे आणि तो ते शोधीत आहे, असेच पाहणाऱ्यास वाटते. हाच सुरय. पक्षिशास्त्रज्ञ त्यास नदी सुरय म्हणतात.

सुरयाची लांबी जवळजवळ कावळ्याएवढी. पण अंगलट किती वेगळी! शरीर सडपातळ, पंख लांब, अरुंद व टोकदार, आणि शेपटी मध्ये खोल दुभंगलेली. पाठ राखी, पोट पांढरे. एवढेच असते तर त्यास सुंदर म्हणता आले असते, रंगीत नव्हे. परंतु विणीचा काळ जवळ आला की त्याच्या मस्तकावर काळीभोर टोपी चढते, चोच हळदीसारखी पिवळीधमक होते आणि तिच्या जोडीला तांबडे-नारिंगी पाय शोभू लागतात. विणीनंतर ही टोपी विटते. तिच्यात पांढऱ्या-करड्या रेघा उमटतात. उत्सवापुरता ठेवणीतला पोशाख घालावा आणि मग तो घडी करून ठेवावा, तसाच हा प्रकार.

या पक्ष्याचे गोत्र समुद्राचे आहे, हे ऐकून शिरवळच्या मुलांना नवल वाटेल. सुरयांच्या बहुतेक जाती सागरकिनाऱ्यावर किंवा भर समुद्रात राहतात. कोकणात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सागरी सुरय अंडी घालतात. त्यांचाच एक भाऊबंद उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात पिले वाढवितो आणि दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात जाऊन तिकडचा उन्हाळा गाठतो. ग्रीनलंडमधील अशा पक्ष्यांच्या पायांना इवलीशी यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांचा वर्षाचा प्रवास सरासरी ७०,००० किलोमीटरांहून अधिक भरला! नदी सुरयाने मात्र गोड्या पाण्याशी नाते जोडले. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूस, नद्या आणि जलाशय हाच त्याचा संसार.

त्याची मासेमारी पाहण्याजोगी असते. पाण्यावरून फिरता फिरता तो एकाएकी थबकतो, हवेतच पंख फडफडवीत एका जागी तरंगतो आणि पंख आवळून दगडासारखा खाली कोसळतो. पाणी उसळते. दुसऱ्याच क्षणी तो वर आलेला असतो, आणि नशीब चांगले असेल तर चोचीत आडवा मासा चमकत असतो. गंमत अशी की त्याच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे असूनही तो क्वचितच पोहतो. ज्या पाण्यावर पोट भरायचे, त्यावर बसायचे मात्र नाही! विसावा घ्यायचा तो वाळूवर, खडकावर, नाही तर पाण्यातून डोकावणाऱ्या एखाद्या खुंटावर.

खरी कसोटी पुढेच आहे. साधारणपणे फेब्रुवारी ते मे हा त्याचा विणीचा काळ. घरटे म्हणजे काय, तर वाळूत उकरलेला एक उथळ खळगा. त्यात काडी नाही, कापूस नाही. मादी त्यात बहुधा तीन अंडी घालते. ती मातकट रंगाची व तपकिरी ठिपक्यांची असल्यामुळे दोन पावलांवरूनही चटकन ओळखू येत नाहीत. झाडाची सावली नसलेल्या त्या वाळवंटात एप्रिलच्या दुपारी पाय ठेववत नाही. तेथे अंडी तापून जायची भीती. मग सुरय पाण्यावर जातो, पोटाची पिसे भिजवितो आणि तसाच ओलेत्याने येऊन अंड्यांवर बसतो. थंडीत ऊब देण्यासाठी बसणारे पक्षी पुष्कळ. हा गारवा देण्यासाठी बसतो. घार किंवा कावळा जवळ आला की सारी वसाहत कलकलाट करीत त्याच्यावर तुटून पडते. पिलेही वाळूच्याच रंगाची. आईबापांनी इशारा केला की ती जागच्या जागी अंग चोरून निपचित पडतात.

परंतु एका शत्रूवर असे तुटून पडता येत नाही. तो शत्रू म्हणजे पाणीच. १९६५ च्या सुमारास शिरवळच्या खालच्या अंगास वीर येथे नीरेवर धरण झाले आणि नदीच्या जागी विस्तीर्ण जलाशय पसरला. माशांची ददात उरली नाही. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सुटते; अशा वेळी कोणत्याही जलाशयाची पातळी उतरते आणि मधले उंचवटे बेटांसारखे उघडे पडतात. सुरयांना अशीच जागा हवी असते. कर्नाटकातील भद्रा जलाशयाच्या बेटांवर तर त्यांची मोठी वसाहतच भरते. पण पातळी फारच उतरली तर बेट काठाला जोडले जाते, आणि कुत्री, गुरे व माणसे सहज तेथवर पोहोचतात. वरच्या धरणातून पाणी आले किंवा वळवाचा जोरदार पाऊस कोसळला, तर तेच बेट एका रात्रीत बुडते. शेतास पाणी हवे, हेही खरेच; त्यासाठीच तर धरणे बांधली. वाळूचा उपसा ही आणखी एक आपत्ती. नदी सुरयांची संख्या घटत गेल्यामुळे आज जगाच्या पक्षिसूचीत त्यांची गणना असुरक्षित पक्ष्यांत होते.

हे सारे त्या पक्ष्यास कोठून ठाऊक असणार? दिवस कलू लागतो, वाळू निवते. नर दूरवरून चोचीत आडवा मासा धरून येतो आणि खळग्यात बसलेल्या मादीपुढे तो धरतो. ती बसल्या जागेवरूनच मान उंचावून मासा घेते. ओल्या वाळूवरची पाण्याची रेघ तिच्या खळग्यापासून हातभर अंतरावर आलेली असते.