आपल्या नागपूरची शिळावर्तुळे



परिसर अभ्यासात अश्मयुग शिकवताना आपण मुलांना दूरदेशीची चित्रं दाखवतो. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे सुमारे ५००० वर्षांपूर्वीचं दगडी थडगं, पिरॅमिडपेक्षाही जुनं! मुलं डोळे मोठे करून बघतात. पण आपल्या सक्करदऱ्यातून तासाभरात पोचता येईल अशा जागीही जुनी दगडी थडगी आहेत, हे किती जणांना माहीत आहे?

काटोल रोडने शहराबाहेर पडलं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले, आत माती आणि दगडगोट्यांची भर. खाली माणसाच्या अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. ही न्यूग्रेंजसारखी नवाश्मयुगातली नाहीत, लोहयुगातली आहेत. म्हणजे साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची.

१८७९ मध्ये रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिलं. १९६१-६२ मध्ये बा. के. थापर यांनी इथली तीन वर्तुळे खोदली. पुढे माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याच्या अस्थी आणि त्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज सापडला. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली!

हा पाठ मी मैदानावर घेते. मधोमध खुंटी ठोकायची, दोरी बांधायची, वर्तुळ आखायचं आणि त्यावर गोटे मांडायचे. त्रिज्या, परीघ आणि इतिहास एकदमच होतो. मग मुलं विचारतात, "मॅडम, मेलेल्या माणसाला कुऱ्हाड कशाला?" मी लगेच उत्तर देत नाही. "तुमच्या घरी आजोबांच्या फोटोसमोर काय ठेवता?" असं विचारते. कोणी चष्मा सांगतं, कोणी पानाचा डबा. उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या माणसाच्या आठवणीत दगड उभा करतात, हे मी तेव्हा सांगते.

एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, माझे बाबा ट्रकवर गिट्टी आणतात. त्यात असे दगड आले तर?" वर्ग शांत झाला. प्रश्न खराच होता. शहर वाढतंय, लेआउट पडतायत, शेतं नांगरली जातायत, आणि त्यात कितीतरी वर्तुळे गेली. बाबांचा त्यात काय दोष? त्यांना कोणी सांगितलंच नाही. दगड जागचा हलला की तो नुसता दगड उरतो. त्याने सांगितलेली गोष्ट संपते. मी त्याला म्हटलं, "आज घरी जाऊन हे बाबांना तूच सांग."

तुम्हीही सहल काढा. मुलांना दगड मोजू द्या, खळगे वहीत काढू द्या. फक्त एकही दगड हलवू नका, एकही खापर खिशात घालू नका. तिथे माणसं झोपली आहेत, हे आधी सांगा. बाकीचं मुलांना आपोआप कळतं.