दोन वर्तुळांचा हत्ती

‘चित्रकला उपजतच असावी लागते,’ असे वाक्य आपल्या घराघरांतून सहज उच्चारले जाते. ज्याच्या हातात ती आहे तो भाग्यवान. ज्याच्या हातात नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. माणसाची योग्यता जन्मावरून ठरते, ही कल्पना नाकारूनच आपला समाज धम्माच्या मार्गावर आला. मग मुलाच्या हातातील पेन्सिलीविषयी बोलताना तीच कल्पना आपण निमूटपणे कशी स्वीकारतो, हा प्रश्न आपल्या वसतिगृहात रविवारचा चित्रकलेचा तास घेताना मला वारंवार पडला आहे.

या तासाला पाचवी-सहावीची मुले असतात. ड्रॉइंग पेपर सर्वांना पुरत नाही, म्हणून कार्यालयातील पाठकोरे कागद आम्ही वापरतो. पहिल्या दिवशी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘सर, मला नाही येत.’ त्यावर मी फळ्यावर एक वर्तुळ काढतो आणि विचारतो, ‘हे येते का?’ वर्तुळ सर्वांना येते. कोणाचे चपटे येते, कोणाचे वाकडे येते, पण येते. आमचा हत्ती तेथूनच सुरू होतो.

पेन्सिल अगदी हलकी धरून प्रथम धडासाठी कलिंगडासारखे आडवे लंबवर्तुळ काढायचे. त्याला किंचित झाकणारे दुसरे वर्तुळ डोक्याचे. खऱ्या हत्तीचे डोके धडाच्या मानाने लहान असते. आमच्या हत्तीचे मात्र जवळजवळ धडाएवढे. मोठे डोके, मोठे डोळे आणि आखूड पाय ही बाळाची लक्षणे होत. ती पाहिली की माणसाला आपोआप माया वाटते. 1928 साली पडद्यावर आलेला मिकी माऊस आधी बराच खट्याळ होता. पुढील पन्नास वर्षांत त्याचे डोके आणि डोळे हळूहळू मोठे होत गेले, हे स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने 1979 साली मोजमापे घेऊन दाखवले आहे.

त्यानंतर डोक्याच्या वर्तुळावर एक उभी आणि एक आडवी अशा दोन फिकट रेषा काढायच्या. आडवी रेषा मध्याच्या थोडी खाली घेतली की हत्ती लहान वयाचा दिसतो. तिच्यावर डोळे बसतात आणि दोन्ही रेषा जेथे छेदतात तेथून सोंड निघते. सोंड म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या दोन वळणदार रेषा. तिच्यावर वळ्या तीन-चारच पुरे. कान काढताना मुले थांबतात, कारण हत्ती कोठला हे तेथे ठरते. आफ्रिकेतील हत्तीचे कान फार मोठे, खांदे झाकणारे. आपल्याकडील हत्तीचे त्यामानाने लहान. आपल्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक उंचवटा असतो, तर आफ्रिकेतील हत्तीच्या सोंडेला दोन. शेवटी चार आखूड खांब म्हणजे पाय, त्यांवर अर्धचंद्रासारखी नखे आणि एक बारीक शेपूट. मग हव्या त्या रेषा गडद करून बाकीच्या खोडरबराने पुसायच्या.

एवढे झाले की तीसही हत्ती सारखेच व्हायला हवेत. पण तसे कधीच होत नाही. जूनमध्ये नव्याने आलेला एक मुलगा कित्येक दिवस कोणाशी बोलत नसे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्याने डोक्यावरील उभी रेषा मध्यावर न घेता पार कडेला नेली होती, त्यामुळे त्याचा हत्ती आपल्याकडे न पाहता कागदाबाहेर पाहत होता. ‘हा कुठे बघतो आहे रे?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘फाटकाकडे.’ मला ऐकू आलेला त्याचा तो पहिला शब्द. मी ती रेषा सरळ करायला सांगितली नाही. पुढच्या रविवारी त्याने त्या हत्तीशेजारी दुसरा हत्ती काढला. तोही फाटकाकडेच पाहत होता, पण आता ते दोघे होते.

भुवया मात्र मी सर्वांत शेवटी ठेवतो. त्यांची आतली टोके खाली झुकली की राग, वर उचलली की दुःख, हे मुलांना लगेच समजते. मग मी छद्दन्त जातकाची कथा सांगतो. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत ती चितारलेली आहे. काषाय वस्त्र पांघरलेला शिकारी बाण मारतो. घायाळ गजराज त्याला ठार करू शकत असतो, पण ते वस्त्र पाहून राग आवरतो आणि आपले सुळे स्वतःच कापून देतो. ‘या हत्तीच्या भुवया कशा काढाल?’ असे विचारले की वर्गात शांतता पसरते. मुले एक भुवई काढतात, पुसतात, पुन्हा काढतात. कोणी रागाची काढतो, कोणी दुःखाची. एका मुलीने दोन्ही भुवया अगदी आडव्या, सरळ काढल्या आणि म्हणाली, ‘सर, त्याला राग आला होता, पण आता गेला.’ मैत्रीभावनेवर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. ती समजण्यासाठी मला त्या दोन आडव्या रेषांचा जितका उपयोग झाला, तितका थोड्याच प्रवचनांचा झाला असेल.

यातील प्रत्येक मूल चित्रकार होणार नाही. काही जण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतील, बरेच जण देणारही नाहीत. परंतु ‘मला येत नाही’ हे वाक्य ‘मला अजून येत नाही’ असे बदलता येते, हे त्यांच्या हाताला कळलेले असेल. पुढे गणित, इंग्रजी किंवा मुलाखतीची खोली समोर उभी ठाकेल, तेव्हा प्रथम कोणते वर्तुळ काढायचे हे ती शोधतील.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपल्या कार्यालयातील पाठकोरे कागद रद्दीत न घालता वसतिगृहाकडे पाठवावेत आणि वर्षातून एक रविवार स्वतः यावे. चित्रकला येत नसली तरी चालेल. वर्तुळ आले म्हणजे झाले.

जय भीम, नमो बुद्धाय.