टाच, नस आणि ‘कट्ट’

सांगलीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे आणि आठवड्यातला एक दिवस मी साताऱ्यात बसते. दोन्हीकडे टाचदुखीचा पेशंट आत येतो तो एक्स-रे पुढे धरूनच. ‘मॅडम, हाड वाढलंय.’ निदान झालेलंच असतं. मी फक्त ते हाड घालवायचं. एक्स-रेत टाचेच्या तळाशी चोच आलेली दिसते हे खरं. पण टाच कधीही न दुखलेल्या कित्येकांच्या फोटोतही ती असते, आणि ज्यांना टाच टेकवत नाही अशा अनेकांच्या फोटोत काहीच नसतं. दुखणं पूर्ण थांबल्यावर पुन्हा फोटो काढला, तरी चोच जिथल्या तिथे. म्हणून एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवून मी विचारते, सगळ्यात जास्त कधी दुखतं?

‘सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना जीव जातो, मग चालून चालून मोकळं होतं,’ असं सांगणाऱ्याचा बहुधा तळपायाचा पट्टा दुखावलेला असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा जाड, चिवट पट्टा. हिक्स नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९५४ मध्ये त्याच्या कामाला रहाटाची उपमा दिली. टाच उचलली आणि बोटं वर वळली की पट्टा बोटांच्या सांध्याखाली गुंडाळला जातो आणि पायाची कमान उचलून धरतो. दर पावलाला हेच. पोटरी आखडलेली असेल, वजन वाढलेलं असेल किंवा चालणं-उभं राहणं एकाएकी वाढलं, तर टाचेपाशी पट्टा जिथे चिकटलेला आहे तिथे तो कुरकुरायला लागतो.

आमच्या भागात हे ‘एकाएकी’ कॅलेंडरवर दाखवता येतं. माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्यांत असे कितीतरी असतात, जे एरवी वर्षभर घर ते गोठा एवढंच चालतात. आषाढी झाली की पंधरवड्यात ते माझ्याकडे. मग सातारा हिल हाफ मॅरेथॉन: यवतेश्वरचा घाट, २१ किलोमीटर आणि सगळा भार पोटरीवर. आणि दिवाळीच्या तोंडावर कितीतरी घरांत कडक फरशीवर अनवाणी उभं राहून चकल्यांचा तिसरा घाणा चालू असतो. दिवाळीनंतर येणाऱ्या बायकांची टाच मी फरशीवरूनच ओळखते. स्वयंपाकघरात जाड तळाची चप्पल घाला म्हटलं की सासूबाईंकडे बघतात. पाहुणे गेल्यावर तरी घाला, म्हणते मी.

लष्करभरतीची तयारी करणारी पोरं वेगळी. अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुलं सगळीकडे दिसतात. त्यांच्या टाचेला खालून न दाबता मी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबते. त्यात कळ आली तर हाडालाच बारीक चीर असू शकते, आणि मग व्यायाम नव्हे, विश्रांती. ‘ग्राउंड महिन्यावर आलंय मॅडम’ हे वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पण मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या गटाबद्दल. यांची टाच सकाळी बरी असते, दिवसभरात वाढत जाते आणि रात्री आग होते. पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हे दुखणं पट्ट्याचं नव्हे, नसेचं.

आतल्या घोट्यामागे बोट ठेवलं तर नाडी लागते. तिच्याशेजारूनच तळव्याकडे जाणारी मुख्य नस एका अरुंद वाटेतून जाते. तिथे ती दबते, याचं वर्णन १९६२ मध्ये केक आणि लॅम या दोघांनी स्वतंत्रपणे केलं. त्या जागी बोटाने टिचकी मारली तर तळव्यात झिणझिण्या उठतात. याच नसेची एक बारीक फांदी टाचेच्या तळाशी, पट्ट्याच्या खालून जाते. ती चिमटली तर दुखण्याची जागा जवळजवळ पट्ट्याचीच. वर्षभर पट्ट्याचे उपचार घेऊन कंटाळलेल्यांत हे लोक सापडतात. कधी नस दबलेली असते ती कमरेत. म्हणून टाचेच्या पेशंटला मी एका पायाच्या चवड्यावर उभं करते, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून पाय उडतो का पाहते. ‘दुखतंय टाचेला आणि बघताय कुठं?’ असं एका काकांनी विचारलं होतं. रास्त प्रश्न. त्यांचं उत्तर कमरेतच निघालं.

मग साखर. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, एवढ्या सामानात मधुमेहाने बधिर झालेला पाय ओळखू येतो. आमच्या माळकऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसते: आयुष्यभर शाकाहार आणि त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी. दोन्हींमुळे बी१२ कमी होऊ शकतं, आणि तळव्याची आग त्यानेही होते. तपासणी साधी, उपचार स्वस्त. पण विचारायला हवं. बधिर पायाला रुईचं पान बांधून गरम विटेचा शेक देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. ज्याला शेक कळतो त्याने खुशाल घ्यावा. सुश्रुतसंहितेत वातकंटक नावाचं टाचेचं दुखणं आहे, त्यावर अग्निकर्म, म्हणजे डाग देणं, आजही करतात. पण बधिर टाचेला चटका बसला तर माणसाला जखम दिसते तेव्हाच कळते.

बधिर पायाचं शहाणपण आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामातून आलं. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना न कळल्याने झालेल्या जखमांनी जातात. त्या पेशंटांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेहींच्या पायात आहे. दिसायला बेताची, कामाला पक्की.

आता ‘कट्ट’. हल्ली निम्मे पेशंट मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचा व्हिडिओ दाखवतात: मान वळवली, आवाज आला, पेशंट हसत उठला. ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणका जागचा हलला की नस दबते आणि त्यातून बहुतेक रोग होतात, हा त्यांचा सिद्धांत टिकला नाही. हाताचं कसब मात्र टिकलं. तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो होतो. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या आपल्या लोकांना त्या आवाजाचं समाधान वाटतं, हेही मला कळतं.

जुन्या मुरगळीने आखडलेला घोटा हाताने सैल केला तर पाऊल नीट वाकतं, दुखणं काही दिवस उतरतं. हे मी स्वतःही करते. पण त्याने पट्ट्याची ताकद वाढत नाही आणि साखरेने खराब झालेली नस सुधारत नाही. आणि एका पायाला तर असा हात लावूच नये: मधुमेही माणसाचा पाय अचानक सुजलाय, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय आणि दुखणं मात्र बेताचंच. आतली हाडं ढासळत असू शकतात. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. ठिसूळ हाडांना झटका नको. आणि टाचेसाठी मान कडाकडा मोडायला निघालेल्या माणसाकडून सरळ उठून यावं. मानेच्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी तो कशासाठी घ्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सांगितलेत. फी विचारता तसं हेही विचारा.

पट्ट्याच्या दुखण्यावर माझा भर पायरीवर आहे. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच पायरीच्या बाहेर. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली, एकाआड एक दिवस. डेन्मार्कमधल्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम नुसत्या ताणापेक्षा सरस ठरला. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते, हेही सांगायला हवं, कारण बहुतेक टाचा वर्षभरात तशाही बऱ्या होतात. व्यायाम ते वर्ष आखूड करतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे झकास जातात. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेची चरबीची गादी झिजण्याची भीती, त्यामुळे दुसऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला की मी आधी पायरीचा हिशोब मागते.

लोणंदकडच्या एका मावशींनी परवा विचारलं, यंदा वारी राहिली, पुढच्या आषाढीला जाऊ का? जा म्हटलं. माघापासून पायरी सुरू करा, चैत्रापासून रोज थोडं थोडं चालणं वाढवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी नवी चप्पल घेऊ नका.