मापाचा स्कर्ट

दुकानातून आणलेला स्कर्ट तिला कधीच नीट बसत नसे. कमरेला बेताचा घेतला, तर खाली आवळे. खाली मोकळा घेतला, तर कमरेवरून घसरे. शाळेच्या सहलीत असाच सैल स्कर्ट सावरता सावरता ती मागे पडली आणि मैत्रिणी हसल्या. घरी येताच ती हिरमुसून म्हणाली, "आजी, माझी अंगलटच वाईट आहे."

आजीने हातातले तांदळाचे सूप बाजूला ठेवले. "अगं, दुकानातले कपडे अनेक मुलींच्या मापांचा अंदाज बांधून शिवतात. त्या अंदाजात तू बसली नाहीस, यात तुझा काय दोष? कापड आण. आपण तुझ्या मापाचा स्कर्ट शिवू."

कापड आले ते जाड, निळे डेनिम. त्याची आतली बाजू फिकट पाहून मुलीला नवल वाटले. आजीने काठाचे दोन धागे ओढून दाखवले. उभा धागा निळीत रंगवलेला होता, आडवा पांढरा. तिरकस विणीमुळे निळा धागा वर अधिक दिसतो आणि पांढरा आत राहतो. फ्रान्समधील नीम या शहरावरून या कापडाला डेनिम हे नाव मिळाले, असे सांगतात. अशाच एका भरड सुती कापडाला मुंबईच्या डोंगरीने नाव दिले. इंग्रजीतील 'डंगरी' हा शब्द तिचाच.

मुलीला लगेच कात्री चालवायची होती. पण आजीने कापड पाण्यात बुडवले. वाळल्यावर ते लांबीत दोन बोटे आटले होते. "हेच शिवल्यानंतर आटले असते तर?" आजीने विचारले. मुलगी निरुत्तर झाली.

मग मापे घेतली. कंबर भरली 26 इंच आणि तिच्याखालचा सर्वांत रुंद भाग, ज्याला शिंपी सीट म्हणतात, तो 34 इंच. हा आठ इंचांचा फरक कुठे जिरवायचा? आजीने हिशेब मांडला : पुढे दोन आणि मागे दोन टक घालून चार इंच, उरलेले चार इंच दोन्ही बाजूंच्या शिवणींना बाक देऊन. जे माप मुलीला अंगाचा दोष वाटत होते, ते आता वजाबाकीचे एक साधे उदाहरण झाले.

तरीही आजीने डेनिमला कात्री लावू दिली नाही. प्रथम मांजरपाटाचा एक स्कर्ट बेतून तो कच्च्या टाक्यांनी जोडला. उभी असताना तो अगदी चपखल दिसला. जमिनीवर बसताच मात्र मांड्यांवर ताणला गेला. मुलीने बाजूच्या शिवणी उसवून अर्धा अर्धा इंच मोकळीक दिली. तीनदा उसवले, तीनदा जोडले. चौथ्या खेपेस ती सुखाने बसली, तेव्हाच आजीने डेनिमवर खडूने आखायला सांगितले.

जाड कापडासाठी यंत्राला सोळा नंबरची सुई लावली. खिशांच्या कोपऱ्यांवर दुहेरी शिलाई घातली, कारण ताण तिथेच येतो. अमेरिकेत मजुरांच्या विजारींचे खिसे असेच फाटत. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे तांब्याच्या खिळ्या ठोकल्या आणि 1873 साली लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह त्या युक्तीचे पेटंट मिळवले.

स्कर्ट तयार झाला. एका बाजूची शिवण किंचित वाकडी गेली होती. पण तो घालून ती जिना चढली, मांडी घालून बसली, अंगणात धावली. कमरेकडे हात एकदाही गेला नाही.

संध्याकाळी तिने सहलीतला तो जुना स्कर्ट बाहेर काढला. आजीला वाटले, आता ही तो टाकून देणार. मुलीने मात्र त्याचा पट्टा उसवला, टेप हाती घेतली आणि टक कुठे घालावे, ते खडूने आखू लागली.